गणिती सॉफ्टवेअरमध्ये चल आणि त्याचा प्रांत कसा ठरवावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिमपाय, सेजमॅथ, मॅक्सिमा, मॅथेमॅटिका यांसारखी सॉफ्टवेअर वापरू लागलेल्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना पडणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एखादा चल ज्या संख्यासंचातून किमती घेतो, त्या संचाला या पानावर त्या चलाचा प्रांत म्हटले आहे. सूत्रांतील चल क्ष, य, अ, न अशा अक्षरांनी आणि आज्ञांची नावे त्यांच्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष टंकताना आज्ञा अर्थातच रोमन अक्षरांत द्याव्या लागतात.

चल आधी घोषित करावा लागतोच का? कागदावर तर आपण सरळ गणित मांडायला घेतो.

कागदावरही आपण तो घोषित करतोच, फक्त दर वेळी लिहीत नाही. ‘समजा, क्ष ही वास्तव संख्या आहे’ हे वाक्य प्रकरणाच्या सुरुवातीला एकदा येते आणि पुढची सगळी उदाहरणे त्याच आधारावर चालतात. सॉफ्टवेअरला ते प्रकरण ठाऊक नसते.

घोषणेची सक्ती मात्र प्रत्येक ठिकाणी सारखी नाही. सिमपाय हे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील ग्रंथालय (तयार आज्ञांचा संच) असल्यामुळे तेथे ‘सिम्बॉल्स’ ही आज्ञा देऊन चल तयार केल्याशिवाय क्ष लिहिला, तर पायथन असे नाव आपल्याला माहीत नसल्याची तक्रार करते. सेजमॅथ सुरू केल्यावर एक्स हा एकच चल तयार मिळतो. बाकीचे ‘व्हार’ या आज्ञेने घडवावे लागतात. मॅक्सिमा आणि मॅथेमॅटिका यांत घोषणेची गरजच नसते, कारण ज्या नावाला किंमत दिलेली नाही ते नाव स्वतःच चल मानले जाते. हे सोयीचे वाटते, पण टंकताना एक अक्षर चुकले तर सॉफ्टवेअर कसलीही सूचना न देता नवा चल जन्माला घालते आणि पुढचे गणित दोन वेगळ्या चलांत चालू राहते. नवशिक्याला घोषणेची सक्ती करणारी पद्धत अधिक हिताची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पायथनमधला चल आणि गणितातला चल एकच ना?

नाही, आणि बहुतेक गोंधळाचे मूळ येथेच असते. पायथनमधले नाव ही एखाद्या वस्तूला लावलेली खूण असते. गणिती चल ही ती वस्तू असते. समजा, सिमपायमध्ये क्ष नावाचा गणिती चल तयार केला, मग राशी = क्ष² + १ असे लिहिले आणि त्यानंतर क्ष = ५ अशी ओळ दिली. आता राशीची किंमत विचारली तर उत्तर २६ येत नाही, क्ष² + १ असेच येते. ‘क्ष’ ही खूण मूळ चलावरून उचलून ५ या संख्येवर ठेवली गेली, पण राशीच्या पोटातला चल जसाच्या तसा राहिला. किंमत घालून हवी असेल, तर ‘सब्स’ ही चलाच्या जागी किंमत घालणारी आज्ञा वापरावी आणि मूळ खूण हलवू नये.

याच कारणासाठी सेजमध्ये ई किंवा आय या नावाचा चल घोषित करू नये. ती नावे तेथे अनुक्रमे नैसर्गिक लॉगॅरिथमचा पाया आणि −१ चे वर्गमूळ यांसाठी आधीच वापरलेली असतात. आवर्तन (लूप) चालवताना मोजणीसाठी आय हे नाव घेण्याची सवय अनेकांना असते. त्यानंतर त्याच सत्रात संमिश्र संख्यांचे गणित केले, तर उत्तरे चुकतात आणि कारण सहजी सापडत नाही.

√(क्ष²) चे उत्तर क्ष का येत नाही? सॉफ्टवेअरला एवढेही जमत नाही का?

सॉफ्टवेअर येथे बरोबर वागते आहे. क्ष = −३ घेतले तर क्ष² = ९ आणि √९ = ३; म्हणजे उत्तर क्ष नसून −क्ष आहे. सर्व वास्तव संख्यांसाठी खरे असलेले उत्तर |क्ष| हे आहे. तरीही सिमपाय |क्ष| सुद्धा देत नाही, √(क्ष²) तसेच ठेवते, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. त्याचे कारण असे की प्रांत सांगितला नसेल तर क्ष संमिश्रही असू शकतो. क्ष = −i घेऊन पाहावे. क्ष² = −१ आणि √(−१) हे प्रचलित संकेताप्रमाणे i आहे. येथे क्ष म्हणजे −i, तर |क्ष| म्हणजे १. दोन्ही उत्तरे चूक ठरतात. सर्व संमिश्र संख्यांना लागू पडेल असे याहून सोपे रूप नाही, म्हणून सॉफ्टवेअर राशीला हात लावत नाही.

सिमपायमध्ये चल तयार करतानाच ‘रिअल’ हा गुण खरा असल्याचे सांगितले, तर √(क्ष²) टंकताक्षणी |क्ष| मिळते. ‘पॉझिटिव्ह’ सांगितले तर क्ष मिळते आणि ‘निगेटिव्ह’ सांगितले तर −क्ष मिळते. राशी एकच, प्रांत चार, उत्तरेही चार.

मॅक्सिमाची रीत यापेक्षा वेगळी आहे. तेथे ‘डोमेन’ नावाची एक कळ असून ती मुळात ‘रिअल’ वर ठेवलेली असते, त्यामुळे काहीही न सांगता √(क्ष²) चे |क्ष| होते. सेजमॅथ आपल्या पोटात मॅक्सिमाच वापरते, पण ती कळ ‘कॉम्प्लेक्स’ वर फिरवून. म्हणजे गणित करणारे यंत्र एकच असूनही दोन ठिकाणी मूळ उत्तरे निराळी येऊ शकतात. म्हणून दोन सॉफ्टवेअरांची उत्तरे जुळली नाहीत, तर त्यांपैकी एक चुकले असे लगेच ठरवू नये. प्रत्येकाने चलाचा प्रांत कोणता धरला आहे ते आधी पाहावे.

लॉगॅरिथमचा साधा नियमही सॉफ्टवेअर लावत नाही, तो का?

लॉग(अब) = लॉग अ + लॉग ब हा नियम आपण शाळेत धन संख्यांसाठी शिकतो आणि ‘धन’ हा शब्द पुढे विसरून जातो. अ = ब = −१ घेतले तर डावी बाजू लॉग १ म्हणजे ० येते, उजवी बाजू मात्र २πi येते. √अ · √ब = √(अब) याचेही तसेच आहे; त्याच किमतींना डावीकडे −१ आणि उजवीकडे १ मिळतो. दोन्ही चल धन असल्याचे सांगितले की सिमपायचे ‘एक्स्पांड’ हे विस्तार विनातक्रार करते. ‘फोर्स’ हा पर्याय देऊन जबरदस्तीनेही विस्तार करता येतो, परंतु त्या उत्तराची जबाबदारी मग आपली असते आणि ती सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. शक्यतो हा पर्याय टाळावा.

संकलन करताना ‘अ धन आहे, ऋण आहे की शून्य?’ असा प्रश्न का येतो?

कारण उत्तर खरोखरच त्यावर अवलंबून असते. e^(−अक्ष) या फलाचे ० पासून अनंतापर्यंतचे संकलन (इंटिग्रल) घेऊ. अ = २ असेल तर उत्तर १/२ आहे. अ = ० असेल तर आपण १ या स्थिर फलाखालचे क्षेत्रफळ अनंतापर्यंत मोजत आहोत, ते सांत नाही. अ = −२ असेल तर फल वाढतच जाते आणि संकलन अपसारी होते. १/अ हे उत्तर अ धन असतानाच खरे आहे; अ संमिश्र असेल तर त्याचा वास्तव भाग धन असावा लागतो.

हीच गोष्ट प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या ढंगाने सांगते. मॅक्सिमा संवाद साधते : प्रश्न विचारते, उत्तराची वाट पाहते आणि मग पुढे जाते. सेजमध्ये हा संवाद शक्य नसल्यामुळे त्रुटीचा संदेश येतो; त्यात मॅक्सिमाने आणखी अटी मागितल्याचे आणि ‘अझ्यूम’ ही आज्ञा आधी दिल्यास कदाचित उपयोग होईल असे म्हटलेले असते, आणि शेवटी मॅक्सिमाचा मूळ प्रश्नही छापलेला असतो. लाल अक्षरांतला लांबलचक संदेश पाहून विद्यार्थी सत्र बंद करतात, पण त्या संदेशाची शेवटची ओळ वाचली तर काय सांगायचे राहिले ते नेमके कळते. सिमपाय प्रश्न विचारत नाही. ते तुकड्यांत विभागलेले उत्तर देते : अमुक अट पाळली तर १/अ, नाहीतर संकलन तसेच. अ हा चल ‘पॉझिटिव्ह’ म्हणून घडवला की तुकडे नाहीसे होऊन फक्त १/अ उरते.

क्षⁿ याच्या संकलनातही न = −१ ही एक किंमत वेगळी पडते, कारण तेथे उत्तर लॉगॅरिथम आहे. प्रश्न आला की वैतागू नये. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आपण ‘न ≠ −१’ असे कंसात लिहितो, तेच येथे आधी लिहायचे आहे.

प्रांत चल घडवताना सांगावा की नंतर गृहीतक म्हणून द्यावा?

दोन्ही मार्ग आहेत आणि दोहोंचे खाचखळगे वेगळे आहेत.

सिमपायमध्ये गुण चलाच्या अंगी जडलेले असतात. त्यामुळे एकदा साधा क्ष आणि नंतर धन क्ष असे एकाच नावाचे दोन चल घडवले, तर सिमपायच्या दृष्टीने ते वेगवेगळे चल ठरतात. पहिल्यातून दुसरा वजा केला तर ० येत नाही. पडद्यावर ‘क्ष − क्ष’ असे दिसते आणि पाहणारा चक्रावतो. कारण लक्षात आले की उपायही सोपा आहे : सर्व चल त्यांच्या प्रांतांसह वहीच्या (नोटबुकच्या) पहिल्याच चौकटीत घडवावेत आणि खाली पुन्हा घडवू नयेत.

सेजमध्ये ‘व्हार’ देतानाच ‘डोमेन’ सांगता येतो आणि ‘रिअल’, ‘कॉम्प्लेक्स’, ‘पॉझिटिव्ह’, ‘इंटिजर’ हे पर्याय मिळतात. याशिवाय ‘अझ्यूम’ ने अ > ० अशी अट नंतरही घालता येते. ही अट सत्रभर लागू राहते, आणि धोका तेथेच आहे. पहिल्या उदाहरणासाठी घातलेली अट दहाव्या उदाहरणातही मुकाट्याने काम करत असते. सध्या कोणत्या अटी लागू आहेत ते ‘अझम्प्शन्स’ ने पाहता येते आणि ‘फर्गेट’ ने त्या काढून टाकता येतात. आधी अ > ० सांगून मग अ < ० सांगितले, तर सेज विसंगती दाखवून नकार देते. ही मोठी मदत आहे.

मेपलमध्ये अट घातलेल्या चलापुढे एक लहानशी लाट उमटते. ती दिसायला खटकते, परंतु या चलाला काहीतरी अट आहे याची आठवण प्रत्येक ओळीत करून देणारी ही खूण मला फार मोलाची वाटते. मॅटलॅबमध्ये ‘क्लिअर’ ने चल पुसला तरी त्याच्यावरची गृहीतके आतल्या यंत्रात शिल्लक राहतात, हे ठाऊक नसल्यामुळे चुका होतात. गृहीतके वेगळी पुसावी लागतात. मॅथेमॅटिकामध्ये एकाच आज्ञेपुरती अट देण्याची पद्धत सर्वांत सुटसुटीत आहे : सोपे रूप मागतानाच ‘क्ष > ०’ जोडायचे, ती ओळ संपली की अटही संपली.

‘खरे’ आणि ‘खोटे’ याखेरीज ‘नन’ असे उत्तर येते, त्याचा अर्थ काय?

सिमपायला एखाद्या चलाबद्दल प्रश्न विचारला तर तीन उत्तरे संभवतात : खरे, खोटे आणि ‘ठरवता येत नाही’. धन म्हणून घडवलेला क्ष ऋण आहे का, याचे उत्तर ‘खोटे’ येते. तो पूर्णांक आहे का, याचे उत्तर ‘नन’ येते. पायथनच्या जर-तर रचनेत ‘नन’ हे ‘खोटे’ सारखेच वागते, म्हणून आपण आज्ञावली लिहीत असू तर ‘पूर्णांक नाही’ आणि ‘पूर्णांक आहे की नाही ते माहीत नाही’ यांत स्पष्ट भेद करावा.

न हा पूर्णांक आहे हे सांगून काय फायदा होतो?

फूरिए श्रेणीचे सहगुणक काढणाऱ्याला हा फायदा लगेच दिसतो. न पूर्णांक आहे असे सिमपायला सांगितले की साइन(नπ) चे ० आणि कोसाइन(नπ) चे (−१)ⁿ होते. हे सांगितले नाही, तर ती पदे शेवटपर्यंत तशीच लोंबत राहतात आणि अर्ध्या ओळीत मावणारे उत्तर तीन ओळींचे होते.

अवयव पाडताना कधी अवयव मिळतात, कधी मिळत नाहीत. असे का?

बहुपदीच्या बाबतीत दोन प्रांतांचा विचार करावा लागतो, आणि येथे चलाच्या किमतींपेक्षा सहगुणकांचा प्रांत महत्त्वाचा ठरतो. सेजमध्ये म्हणूनच बहुपदीचे वलय, म्हणजे ठरावीक प्रकारचे सहगुणक असलेल्या सर्व बहुपदींचा संच, आधी सांगण्याची सोय आहे : परिमेय सहगुणकांचे, पूर्णांकांचे किंवा एखाद्या सांत (मोजक्याच घटकांच्या) क्षेत्राचे.

क्ष⁴ + १ ही बहुपदी घेऊ. परिमेय सहगुणकांवर तिचे अवयव पडत नाहीत. सहगुणकांत √२ ला जागा दिली की (क्ष² + √२क्ष + १)(क्ष² − √२क्ष + १) असे अवयव मिळतात. २ घटकांच्या क्षेत्रावर ती (क्ष + १)⁴ होते, ३ घटकांच्या क्षेत्रावर (क्ष² + क्ष + २)(क्ष² + २क्ष + २) आणि ५ घटकांच्या क्षेत्रावर (क्ष² + २)(क्ष² + ३) होते. कोणतीही मूळ संख्या घेतली तरी त्या शेषगणितात या बहुपदीचे अवयव पडतात, आणि तरीही परिमेय संख्यांवर ती अभाज्यच राहते. हे उदाहरण वर्गात करून दाखवावे असे मला मनापासून वाटते, कारण ‘अवयव पाडा’ हा प्रश्न प्रांताशिवाय अपुरा आहे, हे त्यावरून एका फळ्यात पटते.

२क्ष + ४ चे पूर्णांकांच्या वलयात २ आणि (क्ष + २) असे दोन खरे अवयव आहेत. परिमेय सहगुणकांच्या वलयात २ ला व्यस्त असल्यामुळे तो अवयव म्हणून मोजला जात नाही. सेजमधील ‘आरआर’ म्हणजे सर्व वास्तव संख्यांचा संच नव्हे, तर ५३ बिट अचूकतेच्या दशांश संख्यांचा संच आहे, हेही ध्यानात ठेवावे. तेथे √२ चा वर्ग बरोबर २ येईल अशी अपेक्षा करू नये.

१/२ लिहिले आणि ०.५ आले, यात बिघडले काय?

अचूक संख्येची अंदाजी संख्या झाली. पायथन आधी भागाकार करून मोकळे होते, मग सिमपायच्या हाती ०.५ पडतो. ‘रॅशनल’ वापरून १/२ द्यावे, किंवा क्ष/२ असे लिहावे. सेज आपल्या ओळी पायथनकडे देण्यापूर्वी पूर्णांकांना स्वतःचे रूप देते, म्हणून तेथे १/२ परिमेयच राहतो.

−८ चे घनमूळ −२ न येता संमिश्र संख्या का येते?

संमिश्र प्रांतात −८ ला तीन घनमुळे आहेत : −२, १ + √३i आणि १ − √३i. सॉफ्टवेअर त्यांपैकी ‘मुख्य’ मूळ निवडते आणि ते १ + √३i आहे. शाळेतले −२ हवे असेल तर सिमपायमध्ये ‘रिअल रूट’ आणि मॅथेमॅटिकामध्ये ‘क्यूबरूट’ ही वेगळी आज्ञा आहे. घनमुळाचा आलेख काढताना डावी बाजू कोरी दिसते, तीही याच कारणाने.

समीकरण सोडवताना नको असलेल्या उकली कशा टाळाव्यात?

क्ष² + १ = ० ला सिमपायचे ‘सॉल्व्ह’ i आणि −i या दोन उकली देते; क्ष वास्तव म्हणून घडवला असेल तर रिकामी यादी देते. ‘सॉल्व्हसेट’ ला प्रांत वेगळा सांगता येतो आणि उत्तर संचाच्या रूपात मिळते, म्हणून वास्तव प्रांतात तेथे रिक्त संच येतो. साइन क्ष = ० साठी फरक अधिक ठळक आहे : ‘सॉल्व्ह’ ० आणि π सांगून थांबते, तर ‘सॉल्व्हसेट’ π च्या सर्व पूर्णांकी पटींचा संच देते. रिकामी यादी म्हणजे उकलच नाही असे समजण्यापूर्वी, चल कोणत्या गुणांसह घडवला होता ते तपासावे.

रेषीय प्रायोजनात चलाचा प्रांत किती महत्त्वाचा आहे?

तेथे तो उत्तरच बदलतो. ८क्ष + ५य ही राशी जास्तीत जास्त करायची आहे. अटी क्ष + य ≤ ६, ९क्ष + ५य ≤ ४५ आणि दोन्ही चल अऋण. चल वास्तव धरले तर उकल क्ष = ३.७५, य = २.२५ आणि कमाल किंमत ४१.२५ येते. आता चल पूर्णांकच हवेत. जवळच्या पूर्णांकांना नेले तर (४, २) मिळते, पण तेथे ९ × ४ + ५ × २ = ४६ होऊन अट मोडते. (३, ३) चालते आणि किंमत ३९ देते. खरे उत्तर (५, ०) आहे, किंमत ४०. आणि ते दशांशी उत्तराच्या आसपासही नाही. म्हणून ‘आधी वास्तव सोडवू, मग पूर्णांक करू’ ही पळवाट धरू नये. चल पूर्णांक असल्याचे घोषणेतच सांगावे. मोठ्या उदाहरणांत यामुळे वेळ बराच वाढतो, हे मात्र मान्य करावे लागते.

आणखी एक सापळा अशी उदाहरणे सोडवणाऱ्या सायपाय आणि पल्प या पायथनच्या ग्रंथालयांत आहे : सायपायच्या ‘लिनप्रोग’ मध्ये सीमा दिल्या नाहीत तर चल अऋण धरले जातात, तर पल्पमध्ये सीमा न दिलेला चल ऋणही होऊ शकतो. एकाचे उदाहरण दुसऱ्यात उतरवताना सीमा नेहमी स्पष्ट लिहाव्यात.

चलाचे नाव देवनागरीत ठेवता येते का?

पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, येते. ‘क्ष’, ‘वेग’, ‘त्रिज्या’ ही नावे पायथन स्वीकारते. एक अडचण मराठीत हमखास येते : ‘दुसऱ्या’, ‘किनाऱ्या’ अशा शब्दांतला र काही कळफलक अदृश्य जोडचिन्ह घालून उमटवतात आणि ते चिन्ह पायथनला नावात चालत नाही. पडद्यावर शब्द अगदी शुद्ध दिसतो आणि संदेश मात्र न दिसणाऱ्या अक्षराबद्दल येतो. असे शब्द नावात टाळावेत. आकड्यांचेही ध्यान ठेवावे : अवतरणात दिलेल्या ‘१२’ चे पायथन ‘इंट’ वापरून १२ करून देते, पण आज्ञावलीत थेट देवनागरी आकडा लिहिलेला त्याला चालत नाही.

उत्तर आपण सांगितलेल्या प्रांतासाठीच आले आहे, याची खात्री कशी करावी?

प्रांतातल्या दोन-तीन किमती मूळ राशीत आणि उत्तरात घालून पाहाव्यात, आणि त्यांत एक तरी किंमत गैरसोयीची असावी : प्रांत वास्तव असेल तर एक ऋण संख्या आणि शून्य, प्रांत संमिश्र असेल तर −i. धन प्रांत गृहीत धरून काढलेले सूत्र दुसऱ्याला देताना ‘अ > ०’ ही अट त्या सूत्राच्या शेजारीच लिहून द्यावी, कारण वही बंद केल्यावर सॉफ्टवेअरला दिलेले गृहीतक सूत्राबरोबर जात नाही.